एस्टोनियासारख्या छोट्या देशाला एआयचं राष्ट्रीय धोरण हवंच कशाला?

तुमचा प्रश्न असा की, एआयची मोठी मॉडेलं अमेरिका आणि चीन बनवणार, मग जेमतेम १४ लाख वस्तीच्या एस्टोनियाने धोरण आखून काय मिळवलं? मी एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनमध्ये, सॉफ्टवेअरच्या कामात आहे. माझ्या मते बरंच मिळवलं, कारण शर्यतीत उतरायचंच नाही हे त्यांनी आधीच ठरवलं होतं.

पहिलं धोरण जुलै २०१९ मध्ये आलं. मुदत २०२१ पर्यंत, तरतूद किमान १ कोटी युरो. एवढ्या पैशात जगाला हेवा वाटेल असं मॉडेल बनत नाही. म्हणून उद्दिष्ट साधं ठेवलं: सरकारी कामकाजात किमान ५० ठिकाणी एआय प्रत्यक्ष चालू झालं पाहिजे. म्हणजे पहिलं गिऱ्हाईक सरकार स्वतःच. शिवाय एका खात्याने पैसे मोजून करून घेतलेलं काम दुसऱ्या खात्याला फुकट वापरता यावं, यावरही भर होता. मला या धोरणातलं सगळ्यात शहाणपणाचं कलम हेच वाटतं.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. इथे गवताळ जमिनीवर अनुदान मिळतं, पण अट अशी की ठरलेल्या मुदतीत गवत कापलेलं असलं पाहिजे. पूर्वी निरीक्षक गाडी घेऊन थोड्याफार शेतांवर नमुन्यादाखल जायचे, बाकीचं विश्वासावर. आता युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रं पाहून संगणक सांगतो की अमुक शेतात कापणी झालेली दिसते, तमुक शेतात नाही. इथलं आकाश महिनोन्‌महिने ढगाळ असतं, त्यामुळे ढगांतून आरपार पाहणारं रडार कामी येतं. ‘सातिकास’ हे त्या यंत्रणेचं नाव. मुदत संपण्याआधी शेतकऱ्याला आठवणही करून दिली जाते, हे मला फार आवडतं. आपल्याकडे ई-पीक पाहणीत शेतकरी मोबाइलवरून स्वतः पिकाचा फोटो टाकतो. तिथे मोबाइलचा फोटो आणि उपग्रहाची पाहणी एकत्र आली तर तलाठ्याचा आणि शेतकऱ्याचा किती त्रास वाचेल!

अशीच दुसरी यंत्रणा संसदेतली भाषणं ऐकून त्यांचा मजकूर तयार करते, आणि तिसरी रोजगार कार्यालयात कोणाला नोकरी मिळायला जास्त वेळ लागेल याचा अंदाज सल्लागाराला देते. ‘एस्टोनियात रोबो न्यायाधीश आला’ अशी बातमी २०१९ मध्ये जगभर फिरली होती. ती खरी नव्हती. इथल्या न्याय मंत्रालयाने नंतर तसं स्पष्ट केलं.

पण हे सगळं २०१९ मध्ये एकदम उगवलेलं नाही. शाळाशाळांत संगणक आणि इंटरनेट नेण्याची ‘टायगर लीप’ योजना १९९६ ची. सरकारी खात्यांच्या नोंदवह्या एकमेकींना जोडणारी ‘एक्स-रोड’ २००१ ची. एकदा दिलेली माहिती सरकारने पुन्हा मागायची नाही, हा इथला दंडक आहे. माझी माहिती कोणत्या कार्यालयाने कधी उघडून पाहिली हे मला सरकारी पोर्टलवर दिसतं, निदान जी खाती त्या सोयीला जोडलेली आहेत त्यांच्यापुरतं तरी. हा पाया नसता तर धोरणाचा कागद कपाटात पडून राहिला असता. कोणी फक्त २०१९ च्या धोरणाची नक्कल करायला निघालं तर मी त्याला आधी या वीस वर्षांकडे बोट दाखवेन.

सगळंच जमलं असं नाही. ‘ब्युरोक्रॅट’ नावाचा सरकारी एआय सहायक सगळ्या खात्यांची कामं एकाच ठिकाणी बोलून करून देईल, असं स्वप्न होतं. प्रत्यक्षात तो त्यामानाने मर्यादित राहिला, आणि २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यावर लोकांच्या अपेक्षाच बदलल्या.

छोट्या देशाला भाषेची अडचण मात्र अगदी खरी असते. एस्टोनियन बोलणारे साधारण ११ लाख. बाहेरच्या कंपन्यांना या भाषेत बाजार दिसत नाही, म्हणून आवाज ओळखण्याची आणि भाषांतराची साधनं सरकारने विद्यापीठांकडून करून घेतली आणि त्यासाठी लोकांना आपल्या आवाजाचे नमुने दान करायला सांगितलं. सप्टेंबर २०२५ पासून दहावी-अकरावीच्या सुमारे २०,००० मुलांसाठी ‘एआय लीप’ ही शाळेत एआयची साधनं वापरायला देणारी योजना सुरू झाली आहे. त्यात साधनं परदेशी कंपन्यांची आहेत, आणि मुलं त्यांच्यावर विसंबून विचार करणंच सोडतील का, ही चिंता इथले शिक्षकही बोलून दाखवतात. मलाही ती रास्त वाटते. या योजनेत शिक्षकांचं प्रशिक्षणही आहे. माझं लक्ष मुलांच्या गुणांपेक्षा त्याकडे जास्त आहे.