बीसी रेशो १.६ आहे, म्हणजे योजना फायद्याचीच का?

तुमचा प्रश्न असा आहे: तालुक्यातल्या उपसा सिंचन योजनेच्या (म्हणजे पंपाने पाणी वर चढवण्याच्या) अहवालात लाभ-व्यय गुणोत्तर, म्हणजेच बीसी रेशो, १.६ दाखवलंय, निकष १.५ चा आहे, मग काही मंडळी विरोध का करताहेत आणि या आकड्यावर किती भरवसा ठेवावा? सिंचन प्रकल्पांच्या अहवालांवर मी वीसेक वर्षं काम केलंय, हे गणित स्वतःच्या हाताने अनेकदा मांडलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हा आकडा येतो कुठून ते बघा. पाणी येण्याआधी लाभक्षेत्रात, म्हणजे योजनेचं पाणी मिळणार त्या जमिनीत, जे पिकतं त्याची किंमत काढायची, त्यातून बी-बियाणं, खत, मजुरी वजा करायची. पाणी आल्यावर जे पिकेल त्याचंही तसंच. दोन्हींतला फरक हा वार्षिक लाभ. दुसऱ्या बाजूला वार्षिक खर्च: भांडवलावर १० टक्के व्याज, धरणाचं आयुष्य १०० वर्षं धरून १ टक्का घसारा (झिजेपोटी धरलेली रक्कम), देखभाल, आणि उपसा असेल तर वीज. लाभाला खर्चाने भागलं की झालं गुणोत्तर. अवर्षणप्रवण भागात १ आलं तरी प्रकल्प मान्य होतो, आणि ही सवलत मला योग्य वाटते. तिथल्या पाण्याचं मोल फक्त क्विंटलात धरता येत नाही.

या पद्धतीमागे आपल्याकडचाच मोठा वारसा आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष फायद्यांची पाहणी केली, ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. त्याआधी सरकार एवढंच बघायचं की पाणीपट्टीतून गुंतवलेले पैसे परत येतात का. गाडगीळांनी कालव्याचा हिशेब शेतात, मजुरीत, आसपासच्या बाजारपेठांत जाऊन मांडला. पुढे १९६४ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने सिंचन प्रकल्पांना महसुलाऐवजी लाभ-व्ययाची कसोटी लावायची शिफारस केली. कसोटी चांगलीच आहे. माझी तक्रार तिचे आकडे भरणाऱ्यांबद्दल आहे, आणि त्यांत मीही होतो.

एका मध्यम प्रकल्पाचं गुणोत्तर माझ्या हिशेबाने १.३८ आलं होतं. वरून निरोप आला, "पीकरचना पुन्हा बघा." मी ज्वारीचं क्षेत्र घटवलं, भाजीपाला आणि उन्हाळी भुईमूग वाढवला, हेक्टरी उत्पादन थोडं चढं धरलं. १.५२ झालं. नदी तीच, जमीन तीच, बदलला तो तक्त्यातला एक रकाना. ते पान मी विसरलेलो नाही, कारण पुढे त्या कालव्यावर काय झालं तेही पाहिलं. हेडच्या, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीच्या, शेतकऱ्यांनी ऊस लावला, भाजीपाला कुणी केलाच नाही, आणि टेलची, म्हणजे शेवटच्या टोकाची, गावं फक्त कागदावर ओलिताखाली राहिली. अहवालात आठमाही पिकं दाखवायची आणि प्रत्यक्षात बारमाही उसाने पाणी प्यायचं, हे इतक्या ठिकाणी झालंय की पीकरचनेचा तक्ता मी आता सगळ्यात आधी उघडतो.

पण पीकरचनेपेक्षाही मोठं भोक आहे ते वेळेचं. वर सांगितलेलं गणित एका वर्षाचं असतं. प्रकल्प ५ वर्षांत होतोय की २० वर्षांत, हे त्यात कुठेच उमटत नाही. एक कल्पित उदाहरण करून बघू. १०० कोटींचा प्रकल्प, वार्षिक लाभ २० कोटी, देखभाल दीड कोटी. नेहमीच्या पद्धतीने वार्षिक खर्च १० अधिक १ अधिक १.५, म्हणजे १२.५ कोटी. गुणोत्तर १.६, तुमच्या योजनेइतकंच. आता हे १०० कोटी दरवर्षी २० कोटी असे ५ वर्षांत खर्च झाले, तर १० टक्के दराने व्याजासकट भांडवल साधारण १२२ कोटी होतं आणि (घसारा मूळ १०० कोटींवरच धरून) गुणोत्तर १.३६ वर येतं. तेच पैसे दरवर्षी ५ कोटी असे २० वर्षं ठिबकत दिले, तर भांडवल २८६ कोटी होतं आणि गुणोत्तर ०.६४! यात महागाई धरलेलीच नाही, एक रुपयाचा भ्रष्टाचार धरलेला नाही. नुसत्या रेंगाळण्यानेच फायद्याचा प्रकल्प तोट्यात गेला.

विदर्भातलं, वैनगंगेवरचं गोसीखुर्द धरण डोळ्यासमोर आणा. १९८३ मध्ये मंजुरीच्या वेळी अंदाज ३७२ कोटींचा होता. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, पुढे राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि सुधारित खर्च १८ हजार कोटींच्या वर गेला. त्यातली बरीच वाढ महागाईची आहे हे मान्य. पण अडीच लाख हेक्टरांच्या आशेवर बसलेल्या शेतकऱ्याची मधली तीस वर्षं कुठल्या रकान्यात लिहिली? ज्याची जमीन पहिल्याच टप्प्यात गेली त्याची तर मुलंही त्या वाटेकडे डोळे लावून म्हातारी होताहेत.

इथे एक गोष्ट उलटीही आहे. अर्ध्याहून जास्त खर्च झालेला प्रकल्प पुरा करावा का, हे ठरवताना झालेला खर्च बाजूला ठेवायचा. फक्त उरलेला खर्च आणि त्यातून मिळणारा पूर्ण लाभ बघायचा. तसं बघितलं तर जुनं काम पुरं करणं बहुतेक वेळा नव्या नारळापेक्षा कितीतरी जास्त फायद्याचं ठरतं. म्हणून तुमच्या भागातल्या अर्धवट योजनांची यादी आधी काढा. नवी योजना त्यांच्याच निधीतून वाटा मागणार आहे.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही नीट ऐका. गुणोत्तरात सगळ्यांचा फायदा आणि सगळ्यांचा तोटा एकत्र मिसळतो. शंभर जणांना दोन रुपये मिळाले आणि एकाचे दीडशे गेले, तर बेरीज फायद्याचीच येते. कोयनेचं धरण १९६०च्या दशकात उभं राहिलं, त्या विजेवर राज्यातले कारखाने चालले, आणि तिथल्या विस्थापितांची पुढची पिढी अजून पर्यायी जमिनीसाठी आंदोलन करते. आपला पुनर्वसन कायदा १९७६ चा, म्हणजे देशात पहिला. तरी ही स्थिती. बुडणाऱ्या जमिनीची किंमत मोबदल्याच्या दराने धरली जाते, पण गायरान, सरपण, नदीकाठची भाजी, मासळी यांची किंमत शून्य धरली जाते, कारण त्यांचा सातबारा नसतो.

फायद्याच्या बाजूलाही बरंच सुटतं, तेही सांगायला हवं. कालव्याच्या पाझराने विहिरी वाढतात, टँकर थांबतात, जनावरं विकावी लागत नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी आटपाडी-खानापूर भागातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी देशभर गेली. पाणी आलं तर त्यातला कुणी मागे राहील, याचा आकडा कुठल्याच अहवालात नसतो.

तुमची योजना उपसा आहे, म्हणून विजेचं पान वेगळं काढून वाचा. टेंभू, ताकारी, म्हैसाळसारख्या कृष्णेवरच्या उपसा योजनांच्या वीजबिलात ८१ टक्के सरकार आणि १९ टक्के शेतकरी अशी वाटणी करावी लागली, ती उगाच नव्हे. पंप बसवले की झालं असं नसतं, बिल दर हंगामात येतं. अहवालात विजेचा दर कुठल्या वर्षाचा आहे आणि किती तास पंप चालणार असं धरलंय, ते तपासा. जुना दर असेल तर १.६ मधला बराचसा भाग तिथेच गळतो.

माहितीच्या अधिकारात तीन कागद मागा: प्रकल्पपूर्व आणि प्रकल्पोत्तर पीकरचनेचा तक्ता, वर्षवार निधीचं नियोजन, आणि वार्षिक वीजखर्चाचा हिशेब. पूर्ण अहवाल मागितलात तर फार दिवस जातील. कागद हाती आले की इथेच टाका, पीकरचना तुमच्याच गावातल्या चार जाणत्या शेतकऱ्यांना दाखवून हेक्टरी उत्पादनाचे खरे आकडेही लिहा. गुणोत्तर मी नव्याने मांडून देतो.