मुलांना युद्धातल्या बलिदानाबद्दल कसं सांगावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सहावीत आहे, युद्ध म्हटलं की त्याला मोबाइलवरचा खेळ आठवतो. २६ जानेवारीचं भाषण घडाघडा म्हणून दाखवतो आणि आठवडाभरात विसरतो. देशासाठी, दुसऱ्यांसाठी जीव दिलेल्या माणसांची आठवण त्याच्यापर्यंत पोचवायची कशी, असं तुम्ही विचारताय. तुम्ही सोलापूरचेच आहात म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी इथे पूर्व भागातल्या एका शाळेत इतिहास शिकवते आणि वर्गात हा प्रश्न मला दरवर्षी पडतो.

माझं उत्तर असं : त्याला सगळे शहीद एकदम सांगू नका. एकच माणूस सांगा, पण पुरता सांगा. त्याचं नाव, घर, शिक्षण, तो काय सोडून गेला आणि त्याच्या मागे कोण राहिलं, हे सगळं. तो माणूस मुलाच्या मनात बसला की पुढचं नाव घ्या.

सोलापुरात हा पहिला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे, आता तिथे त्यांचं स्मारक आहे. रोज हजारो लोक त्याच्यावरून जातात. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. मुंबईला जी. एस. मेडिकल कॉलेजात डॉक्टर झाले. जपानने चीनवर हल्ला केला होता, जखमींना डॉक्टर मिळत नव्हते आणि चीनच्या सेनापतींनी नेहरूंकडे मदत मागितली होती. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष. त्यांनी आवाहन केलं, लोकांनी वर्गणी दिली, त्यातून बावीस हजार रुपये आणि एक ॲम्ब्युलन्स उभी राहिली. १९३८ च्या सप्टेंबरात पाच डॉक्टर बोटीने निघाले. त्यांतले एक कोटणीस, वय अठ्ठावीसही पूर्ण नाही.

इथे वर्गात एक प्रश्न हमखास येतो : “बाई, ते युद्ध आपलं नव्हतंच, मग ते का गेले?” या प्रश्नाची मी वाट बघत असते. उत्तर देण्याची घाई करत नाही. आपण स्वतः पारतंत्र्यात होतो, पैसा नव्हता, तरी इथल्या लोकांनी परक्या देशातल्या जखमींसाठी वर्गणी का काढली असेल, हे मुलांनाच विचारते. सहावीतली मुलं यावर फार चांगलं बोलतात. आपण मध्ये बोललो नाही तर.

पुढची गोष्ट सांगताना घाई करू नका, कारण खरं बलिदान तिथे आहे. चीनमध्ये असताना वडील गेल्याची बातमी कोटणीसांना कळली. परत जायची मुभा होती, ते गेले नाहीत. चिनी भाषा शिकले, आघाडीच्या जवळ, डोंगराळ भागात, मिळेल त्या साधनांनी शस्त्रक्रिया करत राहिले. १९४० मध्ये एकदा तर सलग ७२ तास त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्याचं सांगतात. नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या डॉक्टरांचा तिथेच काम करताना जंतुसंसर्गाने मृत्यू झाला होता. त्यांच्या नावाने सुरू झालेल्या रुग्णालयाचे कोटणीस पहिले संचालक झाले. तिथेच गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न झालं, मुलगा झाला. मुलगा काही महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ ला, कोटणीस गेले. वय ३२. गोळी लागून नव्हे. फेफऱ्याचे झटके येत होते आणि काम थांबवलं नव्हतं.

मग मुलांमध्ये वाद लागतो. लढताना मेले नाहीत तर शहीद कसे? मी तो वाद लागू देते. बंदूक हातात न घेताही युद्धात जीव देता येतो, हे ज्या मुलाला स्वतः वाद घालून पटतं, त्याला युद्ध म्हणजे नुसती गोळीबाराची मजा वाटणं तिथेच थोडं कमी होतं. आणि मुलाला शत्रूचा द्वेष शिकवल्याशिवाय बलिदान शिकवता येतं, हे मला कोटणीसांमुळेच उमगलं. म्हणूनही मी सुरुवात त्यांच्यापासून करते.

आता आकड्यांविरुद्ध मी एवढं का बोलते ते सांगते. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत चावडीजवळ, वेशीत किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेली संगमरवरी पाटी असते : या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतकी माणसं गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नावं नाहीत. बसरा इथे तर याहून वाईट झालं. मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढत होत्या. तिथल्या कुत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात आपली माणसं डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत उपासमारीत अडकली. पण बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली आणि हजारो हिंदी शिपायांची पलटणवार नुसती संख्या टाकली. हे चुकलं, असं त्या स्मारकांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये जाहीरपणे मान्य केलं. शंभर वर्षं त्या माणसांचा फक्त आकडा उरला होता. आपण भाषणात “असंख्य ज्ञात-अज्ञात वीर” म्हणून पुढे जातो तेव्हा वेगळं काय करतो?

तुमच्या मूळ गावात अशी पाटी असेल तर मुलाला घेऊन जा आणि त्या आकड्यामागची नावं शोधायला लावा. कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येतं. कारकुनाने ऐकलं तसं इंग्रजीत लिहिलेलं असतं, तेव्हा चार-पाच प्रकारे टाकून बघा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, अमक्याच्या घरातला कोणी “लामला”, म्हणजे लढाईवर, गेला होता का. मुलगा विचारेल, इंग्रजांसाठी का लढले? खरं तेच सांगा : पगार होता, घरात दुष्काळ होता, काही घराण्यांत फौजेची रीत होती. कारण काहीही असो, माणूस गेला आणि घर मागे राहिलं.

एक सहल जरूर करा. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जा. (गाडीत त्याला सांगा की हे नाव मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्यामुळे आहे, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले आपल्या सोलापूरचे चौघे. ती कथा युद्धाची नाही, पण सोलापूरच्या मुलाला ती ठाऊक नसेल तर बाकी सगळं राहू द्या, आधी ती सांगा.) खडकीला वॉर सिमेट्री आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांहून जास्त सैनिकांच्या कबरी. बऱ्याच दगडांवर वय आहे, खाली कुठे आईवडिलांनी, कुठे बायकोने लिहायला दिलेली ओळ आहे. मुलं आपोआप वय वाचत जातात. २०, २२, १९. मग कुणीतरी म्हणतं, माझा दादा एवढाच आहे. त्यावर आपण काही बोलायची गरज नसते.

जिवंत माणसांबद्दलही सांगते, कारण तिथे आपण फार कमी पडतो. १५ ऑगस्टला वीरमाता, वीरपत्नी यांना मंचावर बसवतात, शाल-श्रीफळ देतात, फोटो होतो, त्या घरी जातात. त्यांच्या माणसाबद्दल कुणी एक शब्द विचारत नाही. मला हे बघवत नाही. कारगिलच्या युद्धात, १९९९ मध्ये, जवानांचे मृतदेह घरी पोचवले गेले. त्याआधीच्या युद्धांत अंत्यसंस्कार बहुतेक आघाडीजवळच व्हायचे. घरी यायची ती तार, नंतर त्याची पेटी. १९६५ ची किंवा १९७१ ची जी विधवा आजी आज तुमच्या आसपास असेल, तिने कदाचित नवऱ्याचं तोंडही शेवटचं पाहिलेलं नाही. अशा घरी मुलाला घेऊन जा, मंचावर नको, घरी. आधी विचारून, वेळ काढून. आणि मुलाला आधीच सांगून ठेवा, “किती शत्रू मारले” हा प्रश्न विचारायचा नाही. माजी सैनिक भेटले तर विचारावं : तुम्ही जेवायचात काय? पत्र किती दिवसांनी यायचं? थंडीत झोपायचात कसे? स्वतःच्या पत्त्याच्या जागी नुसतं “५६ एपीओ” (म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक) लिहून जवानांनी पाठवलेली पत्रं त्या घरांतून अजून निघतात. एक पत्र हातात मिळालं तर माझ्या दहा तासांपेक्षा जास्त काम होतं.

भाषण पुढच्या वर्षीही असेलच. या वेळी पाठ करायला देऊ नका. डॉ. कोटणीसांवर किंवा त्याने शोधलेल्या माणसावर त्याला स्वतः लिहू द्या आणि एकच अट घाला : शूर, वीर, अमर, धन्य यांतला एकही शब्द वापरायचा नाही. पहिल्यांदा पान कोरं राहील. राहू द्या. मग तो तुम्हाला विचारायला येईल की त्यांचं घर कसं होतं, आईचं पुढे काय झालं, आणि तुम्हा दोघांनाही शोधावं लागेल.

तुमच्या माहेरी किंवा सासरी कुणी फौजेत होतं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर भैय्या चौकाच्याही आधी तिथून सुरू करा. माळ्यावरची ट्रंक काढा, डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळणारं नोंदीचं पुस्तक) असेल, फोटो असतील. ओळखू येतील त्यांची नावं फोटोच्या मागे पेन्सिलने आत्ताच लिहून ठेवा, ओळखणारी माणसं घरात आहेत तोवर.