रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट का ऐकत नाही?

"मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. डॉक्टर म्हणाले, आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम), म्हणजे तपासणीत काही न सापडताही त्रास देणारं आतडं. बाबा म्हणतात, मनाचे खेळ. म्हणजे मी नाटक करतोय का?"

तिशीतला मुलगा, मुलुंडहून फोर्टला नोकरीसाठी जाणारा. पावसाळ्यात गॅस्ट्रो झाला, आठवड्यात ताप-जुलाब थांबले. पोटातली कळ आणि घाईची लागणं मात्र राहिलं. आता तो मुद्दाम स्लो लोकल धरतो, दर स्टेशनला उतरता यावं म्हणून.

माझं काम मनाशी, पण अशा वेळी मी मनाच्या आधी आतड्याबद्दल बोलते. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं; स्नायूंनी कधी आवळायचं, कधी सैल व्हायचं हे बरंचसं तेच ठरवतं. त्याला खेटूनच प्रतिकारशक्तीच्या पेशी असतात. जंतू शिरले की त्यातल्या मास्ट पेशी हिस्टॅमिनसारखी द्रव्यं सोडतात, नसा चेतवतात, स्नायू जोरात आवळतात आणि घाण बाहेर पडते. जंतू गेल्यावरही काहींच्या पेशी शांत होत नाहीत आणि नसा हळव्या राहतात. 2004 साली इटलीतल्या संशोधकांना आयबीएसच्या रुग्णांत हेच दिसलं: चेतलेल्या मास्ट पेशी नसांजवळ जितक्या जास्त, तितकं पोटदुखीचं प्रमाण जास्त. दुर्बिणीच्या नेहमीच्या तपासणीत हे दिसत नाही.

बाबांना मी कॅनडातल्या वॉकर्टनची गोष्ट सांगितली. 2000 साली तिथलं पिण्याचं पाणी दूषित झालं, दोन हजारांवर लोक आजारी पडले. दोन-तीन वर्षांनीही त्यांच्यात आयबीएस इतरांपेक्षा कितीतरी जास्त होता. अख्खं गाव नाटक करेल का? आठ वर्षांनी ते प्रमाण बरंच उतरलं, हेही सांगितलं. बाबा गप्प बसले, पटलं असावं.

मन यात नाहीच असं मात्र नाही. ताणात शरीर जे संदेश सोडतं, त्यांनीही मास्ट पेशी चेततात. म्हणजे गाडीत कळ येईल या धास्तीनेच कळ येऊ शकते. माझं काम इथे सुरू होतं. आधी पोटाने संथ श्वास, मग रविवारच्या मोकळ्या फास्टने घाटकोपरपर्यंत. आता तो दादरपर्यंत फास्टने जातो. मीटिंगच्या दिवशी अजून स्लोच, आणि मी त्यावरून टोकत नाही.

शौचातून रक्त, वजन घटणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यातलं काही असेल तर माझ्याकडे नंतर या, आधी डॉक्टरांकडे जा.