वाचकांचे प्रश्न : वेस्ट ऑकलंडचा चषक

प्रश्न : फुटबॉलचा पहिला विश्वचषक १९३० मध्ये उरुग्वेने जिंकला, असे आम्ही शाळेपासून वाचत आलो. परंतु त्याच्या वीसेक वर्षे आधी इंग्लंडमधील कोळसा खाणीत राबणाऱ्या माणसांच्या एका खेड्याने इटलीत जाऊन ‘पहिला विश्वचषक’ जिंकला होता, असे अलीकडेच माझ्या वाचनात आले. यात तथ्य किती?

उत्तर : घटना खरी आहे. तिला मिळालेल्या नावाविषयी मात्र थोडे थांबून बोलावे लागेल. इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅम परगण्यात वेस्ट ऑकलंड नावाचे खेडे आहे. हा सगळा मुलूख कोळशाचा. १८२५ मध्ये सुरू झालेली स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे याच भागातला कोळसा बंदराकडे नेण्यासाठी बांधली गेली, आणि तिच्यासाठी गॉनलेस नदीवर उभारलेला लोखंडी पूल, जगातील अगदी सुरुवातीच्या लोखंडी रेल्वेपुलांपैकी एक, वेस्ट ऑकलंडलाच होता. गावाचा फुटबॉल क्लब १८९३ मध्ये स्थापन झाला. खेळाडू हौशी होते. त्यांतले बहुतेक जण आठवडाभर जमिनीखाली काम करून शनिवारी मैदानात उतरत.

ज्या चषकाविषयी आपण वाचले, त्याचे नाव ‘सर थॉमस लिप्टन चषक’. आपल्या घरोघरी ज्यांच्या चहाचे नाव पोचले, तेच हे ग्लासगोचे लिप्टन. त्यांना खेळांचा, विशेषतः नौकाशर्यतींचा, मोठा नाद होता. ‘अमेरिकाज् कप’साठी त्यांनी पाच वेळा आव्हान दिले आणि पाचही वेळा त्यांची नौका हरली, तरी ते खिलाडूपणाने पुन्हा उभे राहत. त्यांच्या नावाच्या चषकासाठी १९०९ मध्ये इटलीतील तुरिन शहरात एक स्पर्धा भरली आणि तीत इंग्लंड, जर्मनी, स्वित्झर्लंड व इटली या चार देशांचा एकेक संघ उतरला. इंग्लंडतर्फे गेला तो वेस्ट ऑकलंड. उपांत्य सामन्यात त्यांनी जर्मनीच्या स्टुटगार्टच्या संघाला २-० असे हरवले आणि अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडच्या विंटरथूरवर त्याच फरकाने मात केली.

१९११ मध्ये हा संघ विजेता म्हणून पुन्हा तुरिनला गेला. या वेळी झ्युरिकला २-० असे हरवून तो अंतिम फेरीत पोचला आणि तेथे त्याने युव्हेंटसला ६-१ असे पराभूत केले. युव्हेंटसचे नाव वाचून आज कोणीही चकित होईल, पण येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. तो क्लब १८९७ मध्ये स्थापन झालेला, म्हणजे तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा होता आणि नंतरच्या काळातील त्याचा दबदबा अजून दूर होता. फुटबॉल इटलीत नवा होता, तर डरहॅमच्या खाणवस्त्यांत तो दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडलेला होता. त्या काळी इंग्लंडकडे या खेळाचे माहेरघर म्हणूनच पाहिले जाई. युव्हेंटसचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा प्रसिद्ध पोशाखसुद्धा १९०३ मध्ये इंग्लंडच्या नॉट्स काउंटी या क्लबकडूनच घेतलेला आहे. हे सारे लक्षात घेतले तरी परक्या देशात, परक्या मैदानावर, यजमान शहराच्याच संघावर सहा गोल चढवणे ही लहान गोष्ट नव्हती.

आता ‘विश्वचषक’ या शब्दाविषयी. फिफा ही संघटना १९०४ मध्ये स्थापन झाली होती, पण तुरिनच्या स्पर्धेशी तिचा संबंध नव्हता. स्पर्धा निमंत्रितांची होती, संघ चारच होते, आणि ते क्लबांचे होते, देशांचे निवडक संघ नव्हते. म्हणून तिला विश्वचषक म्हणणे मला पटत नाही. एका खेड्याचा क्लब दोनदा युरोप ओलांडून गेला आणि दोन्ही वेळा जिंकून आला, एवढे साधे सत्य पुरेसे मोठे आहे. त्यावर उसना मुकुट चढवला की पाहणाऱ्याचे लक्ष मुकुटाकडे जाते आणि माणसे मागे पडतात.

प्रश्न : तुरिनचे निमंत्रण खरे तर लंडनच्या वूलिच आर्सेनलसाठी (आजचा आर्सेनल क्लब) होते, पण ‘डब्ल्यू. ए.’ या आद्याक्षरांमुळे चुकून वेस्ट ऑकलंडला गेले, ही कथा खरी आहे काय?

उत्तर : ही कथा फार लोकप्रिय आहे, पण तिला कागदोपत्री आधार मिळालेला नाही. मला ती तर्कालाही धरून वाटत नाही. पहिल्या वेळी पत्ता चुकला असे घटकाभर मानले, तरी १९११ मध्ये तुरिनकरांनी बोलावले ते आपला चषक आधी जिंकून नेलेल्या संघालाच, आणि तो संघ कोण हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. शिवाय इंग्लंडच्या ईशान्येतील हौशी फुटबॉल तेव्हा अनोळखी नव्हते. हा क्लब ज्या नॉर्दर्न लीगमध्ये खेळतो, ती १८८९ मध्ये, म्हणजे इंग्लंडच्या व्यावसायिक क्लबांच्या ‘फुटबॉल लीग’नंतर अवघ्या एका वर्षाने सुरू झाली आणि आजही चालू असलेल्या लीगांमध्ये ती जगातील दुसरी सर्वांत जुनी आहे. पत्त्याच्या चुकीची कथा ऐकायला गोड असली, तरी खेड्यातील माणसांना त्यांच्या गुणांवर कोणी बोलावणार नाही, असे ती नकळत सुचवते. म्हणून ती पुन्हा पुन्हा सांगितली जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : तो चषक आता कोठे पाहायला मिळेल?

उत्तर : मूळ चषक आता कोणालाच पाहायला मिळत नाही, आणि या क्लबच्या इतिहासातील मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग याच उत्तरात आहे. लागोपाठ दोनदा जिंकल्यामुळे चषक कायमचा वेस्ट ऑकलंडकडे आला. परंतु हौशी खेळाडूंच्या क्लबला इटलीचा प्रवास परवडणारा नव्हता, आणि दुसऱ्यांदा जिंकून परतलेल्या संघावर कर्जाचा बोजा होता. गावातील ‘व्हीटशीफ’ हे हॉटेल म्हणजे क्लबची नेहमीची बैठकीची जागा. तेथील मालकीणबाईंकडून ४० पौंड घेऊन क्लबने हा चषक त्यांच्याकडे तारण ठेवला. खाणीत घाम गाळणाऱ्या माणसांनी परदेशात जिंकलेली वस्तू त्याच विजयाच्या खर्चापायी गहाण पडावी, यातली वेदना समजायला फुटबॉलची आवड असण्याची गरज नाही. चषक सुमारे अर्धशतक त्या कुटुंबाकडे राहिला. अखेर १९६० मध्ये गावाने १०० पौंड देऊन तो सोडवून आणला. तोवर तुरिनला गेलेल्या पिढीचा काळ सरत आला होता, तरीही गाव तो विसरले नव्हते.

यानंतर तो गावातील कामगारांच्या क्लबमध्ये ठेवलेला असे. जानेवारी १९९४ मध्ये तेथून तो चोरीला गेला आणि पुन्हा सापडला नाही. पुढे त्याची हुबेहूब प्रतिकृती करून घेण्यात आली आणि गावाकडे आज आहे ती हीच. २०१३ मध्ये गावाच्या हिरवळीवर या विजयांचे स्मारकशिल्प उभारण्यात आले. त्यात फुटबॉलपटूच्या जोडीला खाणकामगारही आहे, आणि ही जोडी मला अगदी योग्य वाटते.

प्रश्न : वेस्ट ऑकलंडला ‘नॉन-लीग’ क्लब म्हणतात, म्हणजे नेमके काय? आणि १९११ नंतर या क्लबने काय केले?

उत्तर : इंग्लंडमधील प्रीमियर लीग आणि तिच्याखालील तीन विभाग मिळून ९२ क्लब होतात. त्यांच्या खालच्या पायऱ्यांवर खेळणाऱ्या साऱ्यांना ‘नॉन-लीग’ म्हणतात. शब्दशः अर्थ घेऊ नये, कारण या क्लबांच्याही लीग असतात. नॉर्दर्न लीगचा वरचा विभाग एकूण रचनेत नवव्या पायरीवर येतो. पूर्वी हौशी क्लबांचे जग वेगळेच होते आणि त्यांचा सर्वोच्च मान म्हणजे १८९३ मध्ये सुरू झालेला एफए (इंग्लंडची फुटबॉल संघटना) अमॅच्युअर कप. वेस्ट ऑकलंडला खेटून असलेल्या बिशप ऑकलंड शहराच्या क्लबने तो विक्रमी दहा वेळा जिंकला. मँचेस्टर युनायटेडचे अनेक खेळाडू ज्यात दगावले, त्या म्युनिकच्या विमान अपघातानंतर १९५८ मध्ये या क्लबला खेळाडू हवे होते, तेव्हा त्यांच्या मदतीला गेलेल्यांत बिशप ऑकलंडचे तीन हौशी खेळाडू होते. असा बलाढ्य शेजारी असताना खेड्याच्या क्लबने टिकून राहणे सोपे नव्हते. तरीही १९५९-६० आणि १९६०-६१ असे लागोपाठ दोन हंगाम वेस्ट ऑकलंडने नॉर्दर्न लीगचे विजेतेपद मिळवले, आणि १९६१ मध्ये तो अमॅच्युअर कपच्या अंतिम सामन्यासाठी लंडनच्या वेम्बली मैदानावर उतरला. वॉल्थमस्टो ॲव्हेन्यूकडून २-१ असा पराभव झाला, पण चषक सोडवून आणल्यानंतर वर्षभरातच गावाचा संघ वेम्बलीला पोचला होता.

१९७४ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने हौशी आणि व्यावसायिक हा भेद अधिकृतपणे मिटवला. त्यासोबत अमॅच्युअर कपही संपला आणि लहान क्लबांसाठी एफए व्हाज ही स्पर्धा सुरू झाली. तीत वेस्ट ऑकलंड दोनदा अंतिम सामन्यापर्यंत गेले. २०१२ मध्ये ईशान्येच्याच डन्स्टनकडून ०-२ आणि २०१४ मध्ये दक्षिणेच्या शोलिंगकडून ०-१ असा त्यांचा पराभव झाला. दोन्ही सामने वेम्बलीवर झाले. म्हणजे ५३ वर्षांच्या अंतरात या गावाचा संघ देशातील सर्वांत मानाच्या मैदानावर तीनदा खेळला, आणि तीनही वेळा गावी परतून पुढच्या हंगामात पुन्हा नॉर्दर्न लीगचे सामने खेळू लागला.