हॅचरीतली नोकरी घेऊ का, विचारणाऱ्या मुलीला

अगं, हॅचरीतल्या, म्हणजे माशांची पिल्लं टाकीत वाढवून नदीत सोडणाऱ्या केंद्रातल्या नोकरीबद्दलचा तुझा मेल वाचला. "मासे सोडलेच नाहीत तर नदीत येणार कुठून?" हे तू विचारावंस? एल्वा नदी स्वतः बघून आलीयेस ना? आधी माशांची वर-खाली जायची वाट मोकळी करायची, मासे नंतर.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात 1890 पासून कायदा होता की धरण बांधलं तर माशांना जायला वाट ठेवा. तरी 1913 ला एल्वावर, समुद्रापासून जेमतेम आठ किलोमीटरवर, वाट न ठेवताच धरण उभं राहिलं, आणि बदल्यात काय दिलं तर एक हॅचरी, ती पण 1922 ला गुंडाळली. तिथल्या मूळच्या लोअर एल्वा क्लालम लोकांच्या तोंडचा मासा असा गेला. म्हणून वाटेच्या बदल्यात कोणी हॅचरी दाखवली की माझं डोकं फिरतं.

2011 ते 2014 मध्ये हे आणि त्याच्या वरचं, अशी एल्वावरची दोन्ही धरणं पाडली. समुद्रात वाढून उन्हाळ्यात नदीत चढणारे स्टीलहेड मासे तोवर जवळपास संपलेच होते, ते परत आले, आणि ते कोणी सोडलेले नव्हते गं! धरणांच्या वर अडकलेले रेनबो ट्राउट म्हणजे तीच जात, फक्त समुद्रात न जाणारी. एवढ्या पिढ्या गेल्या तरी समुद्राची ओढ त्यांच्या रक्तात होती, वाट मिळाल्यावर त्यांची पिल्लं खाली गेली आणि मोठी होऊन वर आली.

तू म्हणशील, चिनूक सॅमन तर अजून बहुतेक हॅचरीचेच येतात. मान्य. धरणं पाडल्यावर गाळ इतका सुटला की वाण जपायला क्लालम लोकांना हॅचरी लागलीच, त्याला मी कधीच नावं ठेवली नाहीत, नदी त्यांची, अमेरिकन सरकारशी झालेल्या 1855 च्या करारातला मासेमारीचा हक्क त्यांचा. पण वाण जपणं वेगळं आणि वर्षानुवर्षं टाकीतली पिल्लं ओतत राहणं वेगळं. टाकीत वाढलेले स्टीलहेड रानटी माशांत मिसळले की पुढची पिढी नदीत कमी तगते, हे तू शिकलीयेस, मग पुन्हा मलाच का विचारतेस?

माझी उमेदीची वर्षं पिल्लं मोजण्यात गेली. व्हिसा होता, घरी पैसे पाठवायचे होते, ते करावंच लागलं आणि त्याची मला लाज नाही, पण ती वर्षं एखादा बंद नाला मोकळा करण्यात गेली असती तर, हे मनातून जात नाही. लोक हट्टी म्हणतात, म्हणू देत. वाट आधी.

तुलाही व्हिसाची घाई आहे, माहितीये मला. नोकरी घेऊ नकोस असं नाही म्हणत. पण सही करायच्या आधी त्यांना विचार, वरचा नाला कधी मोकळा करणार आणि पिल्लं सोडणं कधी थांबवणार, हे प्लॅनमध्ये लिहिलंय का. काय म्हणाले ते मला रात्री फोन करून सांग, कितीही उशीर झाला तरी.