अवसेच्या ओहोटीत सापडलेली गोष्ट

(गेल्या अंकात माझ्या किशोरांसाठीच्या भयकादंबरीबद्दल छापून आलं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या तीन प्रश्नांची उत्तरं देतेय.)

ही गोष्ट सुचली कशी? तुम्ही खरंच भूत बघितलंय का? – नववीतली वाचक, देवगड

भूत नाही बघितलं गं, पण भुताला घाबरणारी माणसं जवळून बघितलीत. आमचं घर मालवणजवळ खाडीकाठाला, आणि आजीचा नियम होता की अवसेला तिन्हीसांजेला खाडीवर जायचं नाही. का, तर "थय गिऱ्हो आसा", म्हणजे तिथे पाण्यातलं भूत आहे. विषय संपला.

मग सातवीत असताना काकाने, तो मासेमारी करायचा, मला भरतीचं गणित शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, चतुर्थीला तीनला भरती, अष्टमीला सहाला, थोडं पुढेमागे होतं पण अंदाज बरोबर येतो. मी वहीत मांडत मांडत अमावास्येपर्यंत आले, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारच्या आधी आणि मग परत मध्यरात्रीच्या सुमारास, आणि मधली ओहोटी साडेपाच-सहाला, बरोब्बर तिन्हीसांजेला! त्यात अवस-पुनवेला उधाण, पाणी जितकं जास्त चढतं तितकंच जास्त खाली जातं, म्हणजे एरवी पाण्याखाली असणारा चिखल त्याच वेळी उघडा पडतो, आणि वर चंद्रही नाही. आता कळतं की आजीचं बरोबर होतं, चिखलात पाय रुतला, काळोख पडला आणि पाणी परत चढायला लागलं तर हाक मारून कोण येणार? पण कारण कळल्यावर भीती जाईल असं वाटलं होतं, ती उलट वाढली. त्या उघड्या चिखलात असं काय आहे जे आजीला आम्हाला दिसू द्यायचं नव्हतं, या एका प्रश्नावर अख्खी कादंबरी उभी आहे.

आणि आपल्याकडची भुतं नुसती वाईट नसतात हेही मला लिहायचं होतं. आरवलीच्या वेतोबाला नवसाच्या मोठ्ठाल्या चामड्याच्या चपला वाहतात, तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा राजा, आणि तोच आपला राखणदार, ही कल्पना मला लहानपणापासून फार मोठी वाटत आलीय.

मुलगा तेरा वर्षांचा आहे, वाचून रात्री दिवा लावून झोपतो. वाचू देऊ का? – एक आई, रत्नागिरी

ताई, दिवा लावून झोपतोय ना, मग झोपू दे. दिवसा वाचायला सांगा, जमलं तर तुम्हीही वाचा म्हणजे त्याला बोलायला कोणीतरी असेल. झोपच लागत नसेल, जेवणखाण सुटलं असेल तर मात्र पुस्तक कपाटात ठेवून द्या आणि वर्षभराने त्याने मागितलं तर द्या.

पुस्तक छापून कसं आलं? मी पण लिहितो. – अकरावीतला वाचक, वेंगुर्ला

सुरुवात दिवाळी अंकापासून केली, छोटी कथा पाठवली आणि ती लागली. १९०९ ला 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून नव्या माणसाला आपल्याकडे हे दार आहे. पण कादंबरीला चार वर्षं लागली. एका प्रकाशकाने सांगितलं की लहानांना भयंकर आणि मोठ्यांना पोरकट, दोघांनी उत्तरच दिलं नाही. मला हे आजही पटत नाही, कारण आम्ही तेरा-चौदाव्या वर्षी नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा घरातल्या मोठ्यांच्या कपाटातून काढूनच वाचल्या, त्या वयाला भीती हवी असते, फक्त त्यांच्यासाठी म्हणून कोणी लिहायला पाहिजे.

चौथ्या ठिकाणच्या संपादकबाईंनी पहिल्याच फोनवर विचारलं, नवव्या प्रकरणात दोन दिवस लागोपाठ भरती एकाच वेळेला कशी? रोज ती साधारण पन्नास मिनिटं पुढे जाते, आणि हे मीच विसरले होते! तीन प्रकरणं परत लिहिली, पण इतकं बारीक वाचणारं माणूस मिळालं याचा आनंद जास्त होता.

तुला एवढंच सांगते, करार नीट वाच. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९, त्यात असं आहे की हक्क किती वर्षांसाठी दिले ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात आणि कुठल्या भागासाठी ते लिहिलं नसेल तर भारत. रॉयल्टी किती टक्के, हिशोब कधी देणार, ऑडिओबुक आणि अनुवादाचे हक्क कोणाकडे, हे वेगवेगळं लिहून घे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो, त्याचे पैसे कोणी मागितले तर कशाचे ते विचार. अठरा पूर्ण नसतील तर सही आईबाबांनी करायची, पण सहीआधी तिघांनी बसून वाचा. आणि दिवाळी अंकाला कथा पाठवायची तर गणपतीपर्यंत थांबू नकोस, पाऊस सुरू व्हायच्या आत पाठव.