गूगलला पुरून उरणारे सिनेमाचे प्रश्न

तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सिनेमा-गाण्यांचे प्रश्न टाकायचा खेळ सुरू केला, आधी धमाल आली, आणि आता जो तो गूगल करून उत्तर चिकटवतो, तर बंद करावा का? भाऊ, अजिबात बंद करू नका. आमचा नागपूरचा ग्रुप बरीच वर्षं हेच करतोय. निम्मे जण पुण्या-बंगलोरला गेले, एक दुबईत आहे, तरी रविवारी जेवणं आटोपली की सगळे हजर.

गूगलबंदीच्या शपथा घालून काही होत नाही. प्रश्नच असा हवा की शोधायचं काय, हेच चटकन कळू नये. 'पहिला भारतीय मूकपट कोणता?' ही तर शाळेतली तोंडी परीक्षा झाली. त्याच माहितीतून असं विचारा: पहिला पूर्ण लांबीचा भारतीय मूकपट आणि पहिला मराठी बोलपट, या दोघांचं कथेच्या बाबतीत नातं काय? १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' बहुतेकांना आठवतो. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हेही कुणाला तरी आठवतं. मग अयोध्या म्हटल्यावर सगळे रामाच्या मागे लागतात, दहा मिनिटं वाद होतो, आणि अचानक एकाची ट्यूब पेटते: अरे, हरिश्चंद्रही अयोध्येचाच राजा की! कथा एकच आहे. पाठांतर नसलेल्या माणसालाही जिथे विचार करत पोचता येतं, तो प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्यात कुणी बाहेर पडत नाही.

'कोण' किंवा 'कधी'पेक्षा 'कसं काय' विचारलेलं रंगतं. एकाच सिनेमात राम आणि सीता, दोन्ही भूमिका एकाच नटाने केल्या, असं का झालं असेल? आमच्याकडे यावर डबल रोलच्या ट्रिक फोटोग्राफीपर्यंत तर्क गेले. सिनेमा १९१७ चा 'लंकादहन', नट अण्णा साळुंके. त्या काळी बायका सिनेमात काम करायला तयार होत नसत. 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामतीही त्यांनीच केली होती. उत्तर कळल्यावर गप्पा बालगंधर्वांवर गेल्या आणि त्या रात्री पुढचा प्रश्न आलाच नाही. असं झालं तर होऊ द्या, मध्येच 'नेक्स्ट' म्हणून घाई करू नका.

भांडणं होतात ती ढिल्या प्रश्नांमुळे. 'कौन बनेगा करोडपती कोण सादर करतं?' असं मोघम विचारलं तर एक अमिताभ म्हणणार, दुसरा शाहरुख, कारण २००७ चा सीझन त्याने केला होता. मराठी आवृत्ती धरली तर सचिन खेडेकर आणि नागराज मंजुळे हीदेखील उत्तरं बरोबर. म्हणून भाषा आणि वर्ष प्रश्नातच घाला. आणि विचारणाऱ्याने उत्तर आधी दोन ठिकाणी पडताळून ठेवावं, हे आमच्याकडे फार कडक पाळतात.

व्हॉट्सअ‍ॅपचा पोल टाळा. कुणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं, मतही बदलता येतं, त्यामुळे मागचे पुढच्याचं बघून बोट ठेवतात. उत्तर विचारणाऱ्याला खासगीत पाठवायचं आणि त्याने ठरल्या वेळी जाहीर करायचं, हे बरं. गाणी गुणगुणून व्हॉइस नोट पाठवायचा उपायही आता लंगडा पडलाय, गुणगुणलेली चाल गूगल २०२० पासून ओळखतं. आमच्यातली एक वहिनी जेवणाच्या ताटावर चमच्याने नुसता ठेका वाजवून पाठवते. सूर नाही, शब्द नाही. 'झिंगाट' लगेच ओळखू येतं, पण एखादं जुनं भावगीत आलं की अर्धा ग्रुप 'सांगून टाका ना वहिनी' म्हणत विनवण्या करतो.

गावचा प्रश्न अधूनमधून हवाच. 'कर्ज'चा दिग्दर्शक आणि 'मुन्नाभाई एमबीबीएस'चा दिग्दर्शक, दोघांचा जन्म कुठल्या शहरात? सुभाष घई आणि राजकुमार हिरानी, दोघंही जन्माने नागपूरचे. हे कळल्यावर दुबईवाला जो खूश झाला, विचारू नका. 'झुंड'मधल्या अमिताभच्या भूमिकेमागचे विजय बारसेसुद्धा आपल्या नागपूरचेच.

तुमच्या ग्रुपला पुन्हा जाग आणायला हा घ्या: भाड्याची खोली मिळावी म्हणून मित्रांपैकी दोघं बायका बनतात, असा 'अशी ही बनवाबनवी'च्या २२ वर्षं आधीचा हिंदी सिनेमा कोणता? दहा मिनिटं थांबून पहिला क्लू द्या: संगीत हेमंतकुमारचं. तरी अडले तर दुसरा: दिग्दर्शकाने पुढे 'आनंद' केला. उत्तर आहे हृषिकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान', १९६६. दुसऱ्या क्लूआधी कुणी ओळखलं, तर पुढच्या रविवारचा पहिला प्रश्न त्याच्याकडे द्या.